दुसरी फेरी: गरीब भागांत स्वयंसेवी संस्था नेमकं करतात काय?

१९८० मध्ये बांगलादेशातल्या खेड्यांतून एक वेगळीच तुकडी फिरू लागली. काही तरुण मुली, त्यांच्या जेवणाखाण्याची सोय बघणारा स्वयंपाकी आणि एक पुरुष पर्यवेक्षक. मुली सकाळी बाहेर पडायच्या, एकेका घरात जाऊन तिथल्या आईसमोर बसायच्या आणि एकच गोष्ट शिकवायच्या. मुलाला जुलाब लागले तर तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढं मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी ढवळायचं आणि घोट घोट पाजत राहायचं. घरोघरचे चमचे-वाट्या वेगवेगळ्या, म्हणून माप हाताचंच. आणि मुलीनं नुसतं करून दाखवून उठायचं नाही, आईच्या हातून करून घ्यायचं.

या पाण्यामागचं शास्त्र तोवर पक्कं झालं होतं. आतड्यात साखर शोषली जाताना सोबत मीठ आणि पाणीही आत जातं, आणि पटकी (कॉलरा) झालेल्या माणसाच्या आतड्यातही ही वाट उघडी राहते. ढाक्याच्या पटकी संशोधन प्रयोगशाळेत १९६८ मध्ये हे रुग्णांवर तपासलं गेलं होतं. १९७१ च्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइनचा साठा संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात कालवून रुग्णांना द्यायला लावलं. छावणीतला पटकीचा मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवर होता, तो या पाण्यावर ठेवलेल्या रुग्णांत ३.६ टक्क्यांवर आला. म्हणजे उपाय हाताशी होता आणि जवळजवळ फुकटही होता. तो लाखो घरांत पोहोचायचा होता, एवढंच.

'एवढंच' हा शब्द लिहायला सोपा आहे. ते काम 'ब्रॅक' नावाच्या संस्थेनं अंगावर घेतलं. फझले हसन आबेद हे तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर काम केलेले गृहस्थ. त्यांनी लंडनमधलं आपलं घर विकून १९७२ मध्ये युद्धातून परतलेल्या निर्वासितांसाठी ही संस्था सुरू केली होती.

मला या मोहिमेत सगळ्यात जास्त आवडतो तो भाग शिकवण्याच्या नंतरचा आहे. मुली शिकवून गेल्या की काही आठवड्यांनी त्याच गावात संस्थेचं वेगळं माणूस यायचं. काही घरं निवडून आईला विचारायचं, सांगा बघू कसं करायचं? करून दाखवा. आईला जेवढं आठवेल, जेवढं बरोबर जमेल, त्यावर शिकवणाऱ्या मुलीचा पगार ठरायचा. किती घरं फिरलीस, याला मोल नव्हतं.

या दुसऱ्या फेरीत सुरुवातीलाच एक गोची समोर आली. आयांना कृती तोंडपाठ होती, पण मूल आजारी पडल्यावर ते पाणी खरोखर देणाऱ्या फार थोड्या निघाल्या. कारण शोधताना कळलं की शिकवणाऱ्या मुलींचाच त्यावर पुरता भरवसा नाही. स्वतःचं पोट बिघडलं की त्या गोळ्या घेतात. शिवाय घरातल्या पुरुषांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मग मुलींना आधी ते पाणी का काम करतं हे नीट समजावलं गेलं. आईसमोर त्या स्वतः त्याचा घोट घेऊ लागल्या. पुरुषांसाठी मशिदीत, बाजारात बैठका झाल्या. दहा वर्षांत ही मोहीम सुमारे १ कोटी २० लाख घरांत जाऊन आली. जलसंजीवनी वापरण्यात बांगलादेश आज जगातल्या आघाडीच्या देशांत आहे.

स्वयंसेवी संस्थांबद्दल बोलताना आपण सहसा पहिल्या फेरीबद्दल बोलतो: काय वाटलं, किती वाटलं, कुणाच्या हस्ते वाटलं. मला या लेखात दुसऱ्या फेरीबद्दल बोलायचं आहे.

नागरी समाज म्हणजे कोण?

शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. समाजात दोन मोठी यंत्रं असतात. एक सरकार: त्याच्याकडे कायदा, कर आणि पोलीस असतात. दुसरा बाजार: त्याच्याकडे भांडवल असतं आणि नफा दिसला तर तो कुठेही पोहोचतो. या दोन्हींच्या बाहेर लोक आपणहून एकत्र येऊन जे काही उभं करतात, त्याला नागरी समाज म्हणायचं. त्यात हजारो पगारी कर्मचारी असलेल्या आंतरराष्ट्रीय संस्था येतात, तसाच पंधरा बायकांचा बचत गटही येतो. कामगार संघटना, धर्मादाय विश्वस्त संस्था, सहकारी मंडळ्या, रुग्णांचे गट, पाण्यासाठी भांडणारी गावकऱ्यांची समिती, हे सगळे त्याच कुटुंबातले. 'एनजीओ' हा त्यातला एक भाग, सगळ्यात जास्त फोटो निघणारा.

यांची गरज का पडते, हे गरीब भागाच्या नजरेनं पाहिलं की लगेच कळतं. जिथे लोकांच्या खिशात पैसा नाही, तिथे बाजार फिरकत नाही, कारण विकणार कुणाला? सरकारनं तरी यायला हवं. पण सरकारकडे मोजकी माणसं असतात आणि ती आधी जिथून आवाज येतो तिथे जातात. दूरचा डोंगर, बोली वेगळी, मतं थोडी, आणि तक्रार कशी करायची हेही ठाऊक नाही, अशा ठिकाणी दवाखान्याची इमारत असते आणि डॉक्टर नसतो. या दोघांच्या मधल्या खड्ड्यात संस्था उभ्या राहतात. खड्डा बुजवण्याचं सामर्थ्य त्यांच्यात क्वचितच असतं. बुजवायचा कसा, हे दाखवून देणं किंवा तो कुणी खणला हे जाहीरपणे विचारणं मात्र त्यांना जमतं, आणि माझ्या मते त्यांची खरी कामं हीच दोन आहेत.

करून बघण्याची मुभा

सरकारी खात्याला प्रयोग करणं अवघड जातं. फसला तर चौकशी लागते, आणि सगळीकडे एकदम केला तर फसल्याचं कळतही नाही. लहान संस्थेला चाळीस गावांत एखादी गोष्ट तीन वर्षं करून पाहता येते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं नेमकं हेच केलं. तिथे अर्भकं न्यूमोनियानं दगावत होती. मुलाचे श्वास एका मिनिटात किती पडतात हे मोजलं तर न्यूमोनिया ओळखता येतो, हे पुस्तकात होतं. पण गावातल्या सुईणींना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. मग एक साधं साधन तयार झालं. मिनिटभर चालणारी वाळूची घडी आणि शेजारी तारेत ओवलेले मणी, शेवटचा लाल. घडी उलटी करायची, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा आणि औषध सुरू करायचं. निरक्षर सुईण आता डॉक्टरच्या तोडीचं निदान करू शकत होती. शिक्षणाची अट काढून टाकणारी ही मण्यांची पट्टी मला कुठल्याही महागड्या उपकरणापेक्षा जास्त बुद्धिमान वाटते.

पुढचा टप्पा नवजात बाळांचा होता. गावातल्याच, थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं गेलं. बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास अडला तर काय करायचं, जंतुसंसर्गाची लक्षणं कोणती आणि प्रतिजैविकाचं इंजेक्शन कसं द्यायचं, हे सगळं त्या शिकल्या. त्यावर भुवया उंचावल्या, कारण नवजात बाळाला इंजेक्शन देणं हे डॉक्टरचंच काम असा समज होता. 'सर्च'नं मात्र ३९ गावांत हे काम केलं आणि शेजारच्या ४७ गावांत फक्त जन्म-मृत्यूची नोंद ठेवली, तुलनेसाठी. काम झालेल्या गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण दर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी साधारण २५ वर आलं. तुलनेच्या गावांत ते जवळपास होतं तिथेच राहिलं. १९९९ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले.

यातली ४७ गावांची नोंद हीदेखील दुसरी फेरीच आहे. ती नसती तर 'आमच्या गावांत मृत्यू कमी झाले' एवढंच म्हणता आलं असतं, आणि पाऊस चांगला झाला म्हणून कमी झाले असतील, असं कुणीही उत्तर दिलं असतं.

कधी कधी हिशेब मांडल्यावर उत्तर आपल्या समजुतीच्या अगदी उलट येतं. उदयपूर जिल्ह्यात 'सेवा मंदिर' ही संस्था आणि काही अर्थशास्त्रज्ञ लसीकरणावर काम करत होते. १३४ गावांची तीन गटांत विभागणी झाली. जिथे वेगळं काहीच केलं नाही, तिथे ६ टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण झालं. जिथे दर महिन्याला ठरलेल्या दिवशी न चुकता शिबिर भरलं, तिथे १८ टक्के. आणि जिथे शिबिरात येणाऱ्या आईला प्रत्येक खेपेस एक किलो डाळ मिळाली, तिथे ३९ टक्के. 'लसीसाठी लाच कशाला?' असा आक्षेप आलाच. पण डाळ वाटूनही दर मुलामागचा खर्च कमी पडला, कारण नर्स तर दिवसभर बसूनच असायची. मुलं जास्त आली की तिचा पगार जास्त मुलांत विभागला जायचा. आई निष्काळजी असते, तिला महत्त्व कळत नाही, ही आपली आवडती समजूत. प्रत्यक्षात तिला दिवसाची मजुरी सोडून यायचं असतं आणि आलेल्या दिवशी नर्स असेल की नाही याची खात्री नसते.

हिशेब मागणारे

दुसऱ्या प्रकारच्या संस्था काहीच वाटत नाहीत. म्हणूनच त्यांना देणग्या कमी आणि शिव्या जास्त मिळतात.

राजस्थानात १९९० मध्ये मजदूर किसान शक्ती संघटना स्थापन झाली. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह आणि आसपासच्या गावांतले शेतकरी-मजूर. प्रश्न साधा होता: दुष्काळी कामावर राबूनही किमान वेतन मिळत नाही. विचारलं की उत्तर यायचं, कागदावर काम तेवढंच झालंय. मग तो कागद दाखवा, असं म्हटलं की सरकारी कागद गुप्त.

तो कागद म्हणजे हजेरीपट. कोण किती दिवस कामावर होतं आणि कुणाला किती मजुरी दिली, याची यादी. संघटनेनं खटपट करून काही नकला मिळवल्या आणि डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराणा गावात पहिली जनसुनावणी घेतली. गावकऱ्यांसमोर हजेरीपट मोठ्यानं वाचायचा, इतकंच. नाव वाचलं की गर्दीतून आवाज यायचा, तो तर कधीच वारला. दुसरं नाव, ही बाई तर कामावर गेलीच नाही. पूर्ण झाल्याचं लिहिलेली बांधकामं अर्धवट उभी होती, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. त्या मांडवात कुणी काही दान केलं नाही, पण 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही घोषणा तिथल्या गावांतून निघाली आणि २००५ मध्ये माहितीचा अधिकार कायदा आला. त्याच वर्षीच्या रोजगार हमी कायद्यात गावानंच कामाचा हिशेब तपासायची, म्हणजे सामाजिक अंकेक्षणाची, तरतूद झाली.

दक्षिण आफ्रिकेत 'ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेन' ही संघटना १९९८ मध्ये उभी राहिली. आईकडून बाळाला होणारी एचआयव्हीची लागण रोखणारं नेव्हिरापिन हे औषध उपलब्ध होतं, पण सरकार ते काही मोजक्या प्रायोगिक केंद्रांपुरतंच देत होतं. संघटना कोर्टात गेली. जुलै २००२ मध्ये घटनात्मक न्यायालयानं सरकारला औषध सगळीकडे उपलब्ध करून द्यायचा आदेश दिला. स्वतः औषध वाटत बसली असती तर ती किती दवाखान्यांत पुरी पडली असती?

अशा संघटना सरकारला खुपतात, हे उघड आहे. त्यामुळे जगभरची सरकारं सेवा देणाऱ्या संस्थांचं कौतुक करतात आणि प्रश्न विचारणाऱ्यांच्या परवान्यांत त्रुटी शोधतात. गंमत म्हणजे, एकच संस्था पहिल्या वर्गातून दुसऱ्या वर्गात कधी जाते हे तिचं तिलाही कळत नाही. शाळेत मुलांना शिकवता शिकवता कुणीतरी विचारतं, इथला नेमलेला शिक्षक कुठे आहे? झालं.

परत कुणी आलंच नाही तर

आता उलट बाजू. आफ्रिकेत 'प्लेपंप' नावाची एक कल्पना गाजली. मुलं गोल फिरणाऱ्या पाळण्यावर खेळतील, त्या फिरण्यानं जमिनीतलं पाणी उंचावरच्या टाकीत चढेल, आणि टाकीच्या बाजूंवर जाहिराती लावून देखभालीचा खर्च निघेल. ऐकताक्षणी प्रेमात पडावं अशी. २००० मध्ये तिला जागतिक बँकेचं बक्षीस मिळालं. २००६ मध्ये अमेरिकेत मोठ्या समारंभात १ कोटी ६४ लाख डॉलरची घोषणा झाली आणि २०१० पर्यंत ४,००० पंप बसवायचं ठरलं.

मुलं खेळतात ती पोटभर खेळतात आणि मग घरी जातात. पाणी मात्र पहाटे लागतं, दुपारी लागतं, परीक्षेच्या दिवशीही लागतं. मुलं नसली की तो जड पाळणा बायकांना ढकलत फिरवावा लागे. म्हाताऱ्या बाईला चारचौघांत ते करताना लाज वाटायची. खेड्यातल्या टाकीवर जाहिरात द्यायला कुणी येईना. बिघाड झाला तर दुरुस्त करणारा माणूस गावात नव्हता. जुना हातपंप निदान गावातल्या कुणाला तरी उघडता यायचा. एका ब्रिटिश वृत्तपत्रानं गणित मांडलं की ठरवलेल्या लोकसंख्येला ठरवलेलं पाणी द्यायचं तर मुलांना दिवसाला २७ तास खेळावं लागेल. एवढं साधं गणित पहिल्या समारंभाआधी कुणीच का केलं नाही, हा प्रश्न मला आजही पडतो. पंप वाटले गेले होते, फोटो निघाले होते, आणि पाणी येतंय का हे बघायला जाणारा पत्रकारच निघाला.

मोठ्या आपत्तीत तर हे आणखी भडकपणे दिसतं. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर जगभरातून इतका पैसा आला की संस्थांपुढे तो खर्च कसा करायचा हा प्रश्न पडला. होड्या वाटणं सोपं, दिसायलाही छान. त्यामुळे काही किनाऱ्यांवर लाटेपूर्वी होत्या त्याहून जास्त होड्या झाल्या आणि त्यातल्या कित्येक खोल समुद्रात नेण्याजोग्या नव्हत्या. या गर्दीत 'मेदसाँ साँ फ्रॉन्तिए' या डॉक्टरांच्या संस्थेनं आठवडाभरातच जाहीर केलं की त्सुनामीसाठी आम्हाला पुरेसा पैसा मिळालाय, आता आणखी पाठवू नका. देणगी नको म्हणायला किती धाडस लागतं, हे कुठल्याही संस्थेच्या हिशेबनीसाला विचारा.

आणि हैती. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपाआधीच त्या देशाला लोक 'एनजीओंचं प्रजासत्ताक' म्हणत. शाळा, दवाखाने, पाणी यांतलं बरंचसं संस्थांच्या हातात होतं. भूकंपानंतर तातडीच्या मदतीचा जो पैसा आला, त्यातला जेमतेम १ टक्का तिथल्या सरकारकडे गेला. मदतीचं नियोजन करणाऱ्या बैठका संयुक्त राष्ट्रांच्या कुंपणबंद तळावर, बऱ्याचदा इंग्रजीत व्हायच्या. हैतीतली माणसं बोलतात क्रिओल आणि फ्रेंच. म्हणजे ज्यांच्या घराचं काय करायचं ते ठरत होतं, त्यांना फाटकातून आत यायला पास लागायचा आणि आत आल्यावर भाषा कळायची नाही. सरकारातली शिकलेली माणसं जास्त पगारावर संस्थांत गेली, त्यामुळे आधीच दुबळं सरकार आणखी पोकळ झालं. संस्था म्हणायच्या, सरकार भ्रष्ट आणि अकार्यक्षम आहे, त्याच्या हातात पैसा कसा देणार? ते खोटं नव्हतं. पण पैसा, माणसं आणि निर्णय सगळं काढून घेतलेलं सरकार कार्यक्षम होणार तरी कसं?

त्याच हैतीत 'झानमी लासांते' ही पॉल फार्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात उभी केलेली संस्थाही होती. तिची पद्धत म्हणजे रुग्णाच्या शेजारच्याच माणसाला कामावर घ्यायचं आणि त्यानं रोज रुग्णाच्या घरी जाऊन औषध घेतलं जातंय ना ते बघायचं. त्या कार्यकर्त्यांना तिथे 'सोबत चालणारे' अशा अर्थाचं नाव आहे. बाहेरचे तळ हलले तेव्हा ही माणसं कुठे जाणार होती? ती तिथलीच होती.

पैशाचं गणित

मग सगळ्या संस्था दुसरी फेरी का करत नाहीत? कारण तिचा पैसा कुणी देत नाही.

देणगीदाराचा आवडता प्रश्न असतो, माझ्या शंभरातले किती थेट गरिबापर्यंत पोहोचतात? प्रश्न रास्त वाटतो. समजा, एक संस्था शंभरातले ९५ वह्या-पुस्तकांवर खर्च करते आणि ५ कार्यालयावर. दुसरी ७० शिकवण्यावर आणि ३० देखरेखीवर: मुलांना खरंच वाचता येतंय का हे तपासणारी माणसं, त्यांचा प्रवास, नोंदी, हिशेब. देणगीदार पहिलीला पैसे देतो, कारण दुसरीचे ३० 'प्रशासकीय खर्च' या खात्यात पडतात आणि त्या खात्याला उधळपट्टीचा वास येतो. पहिल्या संस्थेच्या मुलांना वाचता येतंय का, हे मात्र कुणालाच ठाऊक नसतं, अगदी त्या संस्थेलाही. 'ब्रॅक'चा तो महिन्याभरानं येणारा माणूस या हिशेबात थेट त्या ३० मध्ये गेला असता.

त्यात निधी येतो प्रकल्पावर, दोन-तीन वर्षांच्या मुदतीनं. पहिलं वर्ष माणसं जमवण्यात आणि गावाशी ओळख होण्यात जातं, शेवटचे सहा महिने अहवाल लिहिण्यात आणि पुढचा निधी शोधण्यात. मधल्या काळात काम. कार्यकर्त्याला पुढच्या मार्चनंतर नोकरी असेल की नाही हे माहीत नसतं, आणि गावाला तो परत येईल की नाही हे. म्हणून गावही शहाणं होतं. जे वाटताय ते घेतं, पाहिजे त्या कागदावर अंगठा देतं आणि आपलं मन काही सांगत नाही.

स्थानिक संस्थांची अवस्था आणखी बिकट. २०१६ मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी करार केला की २०२० पर्यंत आपत्ती-मदतीतला २५ टक्के निधी शक्य तितका थेट स्थानिक संस्थांना द्यायचा. थेट मिळणारा वाटा ५ टक्क्यांच्याही खाली राहिला. काम मात्र बहुतेक ठिकाणी त्याच करतात, मोठ्या संस्थेच्या खाली उपकंत्राटदार म्हणून.

एकाच खांबावर तंबू उभा केला की काय होतं, हे २०२५ नं दाखवून दिलं. जानेवारीत अमेरिकेनं परदेशी मदत थांबवली आणि १ जुलैला यूएसएड ही यंत्रणा अधिकृतपणे बंद झाली. तिच्यावर अवलंबून असलेल्या अनेक देशांतल्या संस्थांना काही आठवड्यांत माणसं काढावी लागली, दवाखाने मिटावे लागले. 'ब्रॅक'सारख्या संस्थेनं स्वतःची दुकानं, दुग्धव्यवसाय, कर्जवाटप असे उद्योग उभे करून बराचसा खर्च आपला आपण भागवायची सोय केली आहे. हा उपाय मात्र सगळ्यांना जमणारा नाही. हजेरीपट वाचणाऱ्या संघटनेनं विकायचं काय?

मग यांच्याशिवाय चालणार नाही का?

चालतं, आणि हे कबूल करायला हवं. १९७८ नंतरच्या चार दशकांत चीनमध्ये सुमारे ८० कोटी लोक अतिगरिबीतून बाहेर आले. त्यात स्वयंसेवी संस्थांचा वाटा नगण्य. शेतीतले बदल, कारखाने, रस्ते, शहरांतला रोजगार यांनी ते घडवलं. एखाद्या संस्थेनं सगळ्या प्रदेशाची गरिबी हटवली, असं उदाहरण शोधायला जाऊ नये.

एक आक्षेप असाही आहे की मधल्या माणसांची गरजच काय, गरिबांच्या हातात थेट रोख द्या. केनियात 'गिव्हडायरेक्टली' ही संस्था मोबाइलवरून तेच करते. सियाया परगण्यात १०,००० हून अधिक कुटुंबांना दर कुटुंबामागे साधारण १,००० डॉलर दिल्यावर झालेल्या अभ्यासात दिसलं की दिलेल्या एका डॉलरमागे तिथल्या अर्थव्यवस्थेत सुमारे अडीच डॉलरची उलाढाल वाढली, कारण लोकांनी ते गावातच खर्च केले, आणि महागाईही फारशी वाढली नाही. गरीब माणूस पैसे उधळतो, ही समजूत यानं पार मोडीत निघते. माझ्या मते प्रत्येक संस्थेनं आपल्या कामाला हा प्रश्न विचारावा: एवढे पैसे तसेच वाटले असते तर यापेक्षा जास्त भलं झालं असतं का?

पण रोख रकमेनं दवाखान्यात डॉक्टर येत नाही आणि हजेरीपटावरचं मेलेल्याचं नाव पुसलं जात नाही. अगदी तळातल्या कुटुंबांना तर बऱ्याचदा पैशासोबत माणूसही लागतं. 'ब्रॅक'नं २००२ मध्ये अतिगरिबांसाठी जो कार्यक्रम सुरू केला, त्यात गाय किंवा शेळ्या, काही महिने घरखर्चाला थोडी रक्कम, प्रशिक्षण, बचत, आणि दर आठवड्याला घरी येणारी कार्यकर्ती असं सगळं एकत्र असतं. इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू या सहा देशांत तो तपासला गेला आणि २०१५ मध्ये निष्कर्ष आले. कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावरही बहुतेक ठिकाणी कुटुंबं सावरलेली दिसली. होंडुरासमध्ये नाही. तिथे बऱ्याच कुटुंबांना कोंबड्या दिल्या होत्या आणि त्यातल्या पुष्कळशा रोगानं मेल्या. अपयश असं कारणासकट छापलेलं वाचायला मिळतं, याचं मला फार बरं वाटतं. संस्थांच्या गुळगुळीत वार्षिक अहवालांत कोंबड्या कधी मरत नाहीत.

राहता राहिला निघून जाण्याचा प्रश्न. संस्था किती दिवस पुरणार? चांगल्या कामाचा शेवट बऱ्याचदा असा होतो की ते दुसऱ्याच कुणाच्या नावावर चढतं. गडचिरोलीच्या ३९ गावांतली पद्धत २०११ मध्ये भारत सरकारनं 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत देशभर लागू केली. ती सगळीकडे सारख्याच निगुतीनं चालते असं नाही. कुठे प्रशिक्षण अर्धवट, कुठे औषधं नाहीत. पण आई दवाखान्यातून बाळ घेऊन घरी आली की आशाताईनं त्या घरी कधी जायचं ते आता नियमात लिहिलेलं आहे: तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या. तिच्या पिशवीत वजनकाटा असतो, थर्मामीटर असतो, आणि बाळाचे श्वास मोजायला मण्यांच्या पट्टीऐवजी डिजिटल घड्याळ.